तपकिरी रंगाच्या आत

कॅरिबियन समुद्रातलं हिस्पॅनिओला बेट. अवकाशातून पाहिलं तर काही ठिकाणी बेटावर एक रेघ उमटलेली दिसते. पूर्वेला डोमिनिकन रिपब्लिक, हिरवा. पश्चिमेला हैती, तपकिरी. लँडसॅट उपग्रहांनी टिपलेली ही सीमा पुस्तकांत, भाषणांत, अहवालांत इतक्या वेळा आली आहे की हैतीची ओळखच ती होऊन बसली. चित्राखाली काही लिहिलेलं असो वा नसो, बघणारा एकच अर्थ काढतो: या लोकांनी आपली झाडं आपल्याच हातांनी संपवली.

हा अर्थ मला मान्य नाही. त्या तपकिरी रंगाच्या आत पुष्कळ काही आहे. तिथून जे जे गेलं त्याला साल आहे, कारण आहे आणि बऱ्याचदा कुणाची तरी सही आहे. सही करणारा बहुतेक वेळा हैतीत राहणारा नव्हता. गेलेल्या आणि जात असलेल्या काही गोष्टी इथे नोंदवतो.

जंगल. हैतीत दोनच टक्के जंगल उरलं आहे, हा आकडा कित्येक वर्षं हातोहात फिरतो आहे. लँडसॅटच्याच चित्रांवरून केलेला एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला, त्यात झाडांखालचं क्षेत्र सुमारे ३० टक्के निघालं. परसातला आंबा, नीरफणस, अव्हाकाडो, कॉफीवर सावली धरणारी झाडं, बांधावरची झाडं, हे सगळं धरलं की हिरवा रंग वाढतो. २०१८ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात दुसरा अभ्यास आला. त्याने फक्त मूळचं, कुऱ्हाड न लागलेलं जंगल मोजलं. १९८८ साली ते जमिनीच्या ४.४ टक्के होतं, २०१६ साली ०.३२ टक्के. सर्वांत मोठ्या ५० डोंगरांपैकी ४२ डोंगरांवर ते पार संपलेलं. दोन्ही अभ्यास खरे आहेत. झाडं आहेत, माणसांनी लावलेली, राखलेली, ज्याची त्याची. गेलं ते कुणीच न लावलेलं रान, आणि त्याच्या ओल्या पानांखाली राहणारे, जगात दुसरीकडे कुठेही नसलेले बेडूक. नैर्ऋत्येच्या मासिफ द ला ऑत डोंगररांगेत त्या रानाचे शेवटचे तुकडे आहेत.

महोगनी. १८०४ साली गुलामांनी नेपोलियनच्या सैन्याचा पराभव करून हे राष्ट्र उभं केलं. १८२५ साली फ्रान्सच्या युद्धनौका किनाऱ्यावर येऊन ठाकल्या आणि वसाहतवाल्या मालकांच्या नुकसानीपोटी १५ कोटी फ्रँक मागितले गेले. त्या 'नुकसानी'त माणसंही धरलेली होती. ज्यांची बाजारात विक्री झाली होती, त्यांनीच आणि त्यांच्या मुलांनी स्वतःची किंमत भरायची होती. पहिला हप्ता भरायला पैसा नव्हता, म्हणून फ्रेंच बँकांकडूनच कर्ज काढावं लागलं. १८३८ साली रक्कम ९ कोटींवर आली. मूळ मागणी आणि तिच्यापायी काढलेली कर्जं यांचा फेरा १९४७ पर्यंत पुरला. हप्ते मुख्यतः कॉफीवरच्या करातून गेले, म्हणजे डोंगरावरच्या शेतकऱ्याकडून. जोडीला महोगनीचे ओंडके आणि रंगासाठी वापरलं जाणारं लाकूड जहाजांनी युरोपला गेलं. आज युरोपातल्या जुन्या घरांत चकाकणारी गडद लाल कपाटं आहेत. उपग्रहाच्या चित्रात ती येत नाहीत.

मापू. म्हणजे पांढऱ्या सावरीच्या जातीचं अजस्र झाड, भिंतीसारख्या मुळांचं. व्होडू धर्मात ते पवित्र. त्याच्यात आत्मे राहतात म्हणून त्याला कुणी हात लावत नसे, आणि पाण्याच्या झऱ्याशेजारी ते हमखास असायचं. १९४१-४२ साली कॅथलिक चर्चने सरकारच्या पाठबळावर 'अंधश्रद्धाविरोधी' मोहीम काढली. ढोल जाळले, देवघरं मोडली, मापू तोडले. श्रद्धेने राखलेलं झाड तुटलं की झाडाबरोबर त्याला न तोडण्याचं कारणही जातं.

त्याच सुमारास रबर. महायुद्धात जपानने आशियातले रबराचे मळे घेतले, म्हणून अमेरिकेला रबर हवं होतं. 'शाडा' नावाची हैती-अमेरिकन कंपनी आली, रबराची एक वेल लावण्यासाठी तिने शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या, घरं पाडली, फळझाडं तोडली. १९४४ साली योजना गुंडाळली. रबर जवळजवळ निघालंच नाही.

साखर. अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात खपणाऱ्या साखरेतली सुमारे ४० टक्के साखर या एका वसाहतीतून जायची. १९८७ साली पोर्ट-ओ-प्रिन्सचा हास्को कारखाना बंद पडला. आता हैती साखर विकत आणतो.

काळं डुक्कर. या नोंदीपाशी मला जरा थांबायचं आहे. क्रेयोल डुक्कर लहान, काळं, काटक. खायला काहीही चाले: पडलेले आंबे, साली, उरलेलं-सांडलेलं. रोगाला दाद देत नसे. शेतकऱ्याच्या घरी ते बँकेतल्या ठेवीच्या जागी होतं. मुलांची फी आली, लग्न निघालं, मर्तिक झालं, औषध लागलं की एक डुक्कर विकायचं. १९७८ साली बेटाच्या पूर्वेला आफ्रिकन स्वाइन फीव्हर आला, तिथून तो हैतीत शिरला. रोग अमेरिकेच्या डुकरांपर्यंत पोहोचेल ही भीती होती. अमेरिकेच्या पुढाकाराने १९८२-८३ मध्ये हैतीतली सगळी डुकरं मारायची मोहीम निघाली. आजारी, धडधाकट, सगळी. लाखो डुकरं गेली आणि एक पूर्ण जात देशातून पुसली गेली. भरपाई पुष्कळांपर्यंत पोहोचलीच नाही.

बदल्यात अमेरिकेच्या आयोवा राज्यातली गोरी, गुबगुबीत डुकरं आली. त्यांना सिमेंटचं जोतं, वर छप्पर, स्वच्छ पाणी, विकतचं खाद्य. माणसाला न मिळणाऱ्या गोष्टी डुकराला द्यायच्या होत्या. लोकांनी त्यांचं नाव ठेवलं 'चार पायांचे राजपुत्र'. ती जगली नाहीत, गरिबांकडे तर नाहीच. मग फीची वेळ आली की विकायला काय उरलं? दारातलं झाड. डोंगरावरच्या तपकिरी रंगात या डुकरांचाही वाटा आहे, आणि तो कुठल्याही चित्राच्या मथळ्यात मी वाचलेला नाही.

आर्तिबोनितचा तांदूळ. आर्तिबोनित ही देशातली सर्वांत मोठी नदी, तिचं खोरं हे भाताचं कोठार. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत हैती आपल्या गरजेचा बहुतेक तांदूळ स्वतः पिकवत होता. मग परदेशी कर्ज आणि मदत देणाऱ्यांच्या अटींवर बाजार खुला होत गेला आणि १९९५ साली तांदळावरचं आयात शुल्क ५० टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आलं. अमेरिकेतला, सरकारी अनुदानावर पिकलेला तांदूळ बंदरात उतरला. लोक त्याला 'मायामी तांदूळ' म्हणतात. तो स्वस्त होता. खोऱ्यातला शेतकरी त्याच्यापुढे टिकला नाही. तो राजधानीत गेला, झोपडपट्टीत राहिला. २०१० साली बिल क्लिंटन यांनी अमेरिकेच्या सिनेट समितीपुढे कबूल केलं की हे धोरण चुकलं, त्याचा लाभ आपल्या आर्कान्सा राज्यातल्या शेतकऱ्यांना झाला असेल, पण हैतीची आपलं अन्न पिकवण्याची ताकद त्यात गेली. कबुली मोलाची आहे. पण तोवर पंधरा वर्षं झाली होती, आणि भातखाचर पंधरा वर्षं पडून राहिलं की बांध फुटतात, पाट बुजतात, शेत विकलं जातं. आज देशात शिजणारा बहुतेक तांदूळ बाहेरचा आहे. २०२५ साली ५७ लाख लोक, म्हणजे जवळजवळ निम्मा देश, तीव्र उपासमारीच्या श्रेणीत मोजला गेला.

कोळसा. चित्र पाहून जो तो कोळशावर बोट ठेवतो. खरं आहे, हैतीतल्या बहुतेक चुली लाकडावर नाहीतर कोळशावर पेटतात. पण हा कोळसा येतो कशाचा? बराचसा 'बायावोन'चा. बायावोन म्हणजे आपली वेडी बाभूळ, सोलापूर-मराठवाड्याकडे रस्त्याकडेला माजलेली तीच. कापली की बुडख्यातून पुन्हा फुटते, तीन-चार वर्षांत पुन्हा कापायला येते. दक्षिणेकडच्या आणि वायव्येकडच्या कोरड्या भागात शेतकरी ती पिकासारखी वापरतात: लाकडं रचायची, वर गवत-पाला, त्यावर माती, आतून मंद जाळ. काही दिवसांनी रास उकलायची, पोती भरायची. पोती ट्रकने, होडीने राजधानीकडे जातात. ज्याच्याकडे दुसरं काहीच विकायला नाही त्याचं हे उत्पन्न आहे. मूळच्या जंगलातली झाडंही कोळशात गेली, जातात, हे मी लपवत नाही. पण शहरातल्या बाईला गॅस परवडेल अशी सोय न करता डोंगरावरच्या माणसाला दोष देणं मला पटत नाही.

वाळा. जगातल्या वाळ्याच्या तेलापैकी निम्म्याहून अधिक हैतीत निघतं, ले काय शहराच्या आसपास. हे गवत मूळचं आपल्याकडचं; उन्हाळ्यात माठात टाकतो तो वाळा. पॅरिसच्या अत्तरांना त्या तेलाची धार लागते. वाळ्याची मुळं खोल जातात आणि माती घट्ट धरतात, म्हणून उतारावर मुद्दाम लावतात. पण तेल मुळांतच असतं. काढणी म्हणजे उतार खणून काढणं. मुळं पिकायला वर्ष-दीड वर्ष लागतं. हातात पैसा नसला की शेतकरी आधीच खणतो, तेल कमी मिळतं, भाव कमी मिळतो, आणि मोकळी झालेली माती पहिल्या पावसात खाली जाते.

ती माती. पाऊस झाल्यावर नद्यांच्या मुखाशी समुद्रात तांबूस पिसारे दिसतात, हे उपग्रह फार नीट टिपतो. आर्तिबोनित नदीवर १९५६ साली पेलिग्र धरण झालं. खोऱ्यातली सुपीक शेतं पाण्याखाली गेली, शेतकरी डोंगरउतारावर सरकले, उतार नांगरले गेले आणि तिथली माती धरणात येऊन बसली. जलाशय गाळाने भरत गेला. देशाला वीज देणारं मोठं जलविद्युत केंद्र तेच. २००४ साली जीन वादळात गोनाईव्ह शहरावर उघड्या डोंगरांवरून पाणी आणि चिखल आला. देशभरात सुमारे तीन हजार माणसं मेली, बहुतेक त्या एका शहरात आणि त्याच्या आसपास.

रात्रीचे दिवे. रात्रीच्या चित्रात सांतो दोमिंगो लखलखतं. सीमेच्या अलीकडे पोर्ट-ओ-प्रिन्सचा एक डाग, आणखी दोन-चार ठिपके, बाकी अंधार. तिथे माणसं नाहीत असं वाटावं. तिथे लाखो माणसं जेवताहेत, अभ्यास करताहेत, गोष्टी सांगताहेत, रॉकेलच्या आणि छोट्या सौरदिव्यांच्या उजेडात.

चौदा भित्तिचित्रं. पोर्ट-ओ-प्रिन्सच्या सेंट त्रिनिते चर्चमध्ये १९५० च्या सुमारास हैतीच्या चित्रकारांनी बायबलमधले प्रसंग रंगवले. त्यांतले बरेच कुठल्याही कलाशाळेत न गेलेले. माणसं काळी, घरं हैतीतली, डोंगर हैतीतले. विल्सन बिगो यांनी काना गावातलं लग्न रंगवलं, त्यात ढोल होते, डुक्करही होतं. १२ जानेवारी २०१० रोजी ७.० तीव्रतेचा भूकंप झाला. चर्च पडलं. राष्ट्रपती भवन पडलं, कॅथलिक कॅथेड्रल पडलं, माणसं किती गेली याचे अंदाज लाखाच्या पुढचे. चौदा चित्रांपैकी तीन भिंतींवर उरली: फिलोमे ओबँ, कास्तेरा बाझिल आणि प्रेफेत द्युफो यांची. स्मिथसोनियन संस्थेच्या मदतीने हैतीच्या माणसांनी ती भिंतीवरून उतरवून पेट्यांत ठेवली.

त्या भूकंपात उपग्रहांनी फार मोठं काम केलं, तेही नोंदवायला हवं. कंपन्यांनी ताजी चित्रं खुली केली आणि जगभरच्या स्वयंसेवकांनी घरी बसून त्यांवरून रस्ते, पडकी घरं, तंबू रेखले. काही दिवसांत पोर्ट-ओ-प्रिन्सचा असा नकाशा तयार झाला की बचाव पथकं तोच हातात घेऊन फिरली. पाहणाऱ्याला मदत करायची होती, म्हणून वरून पाहणंही उपयोगी पडलं.

कानान. राजधानीच्या उत्तरेला ओसाड, झाडं नसलेले उतार होते. भूकंपानंतर बेघर लोक तिथे गेले. वर्षावर्षाची चित्रं शेजारी ठेवली तर आधी कोरी जमीन, मग निळे-पांढरे तंबू, मग पत्र्याची छपरं, मग आखलेले रस्ते, विटांची घरं, शाळा, चर्चं. सरकारने पाणी आणलं नाही, वीज आणली नाही. लोकांनी पैसे साठवून एकेक खोली वाढवली. काही वर्षांत अडीच-तीन लाखांचं शहर उभं राहिलं, बायबलमधल्या वचन दिलेल्या भूमीचं नाव घेतलेलं. पुढे तिथे सशस्त्र टोळी आली. खंडणी, अपहरणं. २०२३ च्या ऑगस्टमध्ये एका धर्मगुरूच्या मागे लोक काठ्या-कोयते घेऊन चालून गेले, टोळीने गोळीबार केला, माणसं मेली. कुटुंबं घरं सोडून निघाली. छपरं चित्रात अजून दिसतात.

नोआय. क्रुआ-दे-बुके गावाचा हा भाग लोहारांचा. पेट्रोलचं रिकामं पिंप उभं चिरायचं, आत वाळलेली केळीची पानं पेटवून रंग जाळायचा, पत्रा सपाट ठोकायचा, खडूने आकृती काढायची आणि छिन्नीने कापायची. जलपऱ्या, पक्षी, सूर्य, झाडं. ही कला १९५० च्या दशकात जॉर्ज लिओतो यांच्यापासून सुरू झाली. ते आधी स्मशानासाठी लोखंडी क्रूस घडवत. शेकडो घरं तीवर जगत होती, दिवसभर हातोड्यांचा आवाज चाले. टोळ्यांनी तो भाग व्यापला, कारागीर पांगले.

लाकडी घरं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची, उंच छपरांची, नक्षीदार झालरींची. भूकंपात काँक्रीट कोसळलं तेव्हा यांतली बहुतेक उभी राहिली, कारण लाकूड हललं आणि पुन्हा जागेवर आलं. त्यांतलं सर्वांत नामांकित हॉटेल ओलोफसन. जुलै २०२५ मध्ये टोळ्यांच्या हिंसाचारात ते जळालं. तिथे जाणं धोक्याचं होतं, म्हणून जळाल्याची खात्री ड्रोनच्या चित्रांतून करावी लागली.

राष्ट्रीय ग्रंथालय, एप्रिल २०२४ मध्ये लुटलं गेलं.

दक्षिणेचा रस्ता. मार्तिसां या वस्तीतून राजधानीहून दक्षिणेला जाणारा महामार्ग जातो. जून २०२१ पासून तो टोळ्यांच्या ताब्यात आहे. पुढच्याच महिन्यात, ७ जुलैला, राष्ट्राध्यक्ष जोव्हेनेल मोईझ यांची त्यांच्या घरात हत्या झाली. जानेवारी २०२३ मध्ये शेवटच्या दहा सिनेटरांची मुदत संपली आणि देशात लोकांनी निवडून दिलेला एकही राष्ट्रीय प्रतिनिधी उरला नाही. उपग्रहाच्या चित्रात तो रस्ता अखंड आहे. जमिनीवर त्याचे तुकडे झालेत, प्रत्येक तुकड्यावर बंदूक आणि वसुली. या रस्त्यावरून 'मादान सारा' जायच्या. खेड्यातून केळी, रताळी, घेवडा, आंबे विकत घेऊन ट्रकच्या मालावर बसून शहरात आणणाऱ्या व्यापारी बाया. गावचा शेतकरी आणि शहराचं ताट यांच्यामधला सगळा पूल म्हणजे या बाया. सरकार कोसळलं तरी बाजार भरत होता तो त्यांच्यामुळे. आता त्यांतल्या कितीतरी लुटल्या गेल्या, कितीकींवर अत्याचार झाले, कितीकींनी धंदा सोडला. माल शेतात सडतो आणि शहर उपाशी राहतं.

नोव्हेंबर २०२४ मध्ये उतरणाऱ्या-उडणाऱ्या विमानांना गोळ्या लागल्या आणि राजधानीच्या विमानतळावर अमेरिकेहून येणारी प्रवासी उड्डाणं थांबली.

घराचा पत्ता. २०२५ च्या उत्तरार्धात आपलं घर सोडून देशातच भटकणाऱ्यांची संख्या १४ लाखांवर गेली होती. मैदानांतले तंबू वरून मोजता येतात. शाळेच्या वर्गात बाकं बाजूला सारून झोपणारी माणसं कुठल्याच चित्रात मोजली जात नाहीत, आणि त्या शाळा बंद आहेत, म्हणून मुलांची वर्षंही.

एक झाड सापडलं. उत्तर हैतीच्या डोंगरातला एक मॅग्नोलिया १९२५ साली शास्त्रज्ञांनी नोंदवला होता. पुढे तो ज्या रानात मिळाला ते रान संपलं आणि झाडाचं नाव हरवलेल्या जातींच्या यादीत गेलं. २०२२ साली हैतीच्याच निसर्गसंस्थेची तुकडी उत्तरेच्या डोंगररांगेत शोधायला चढली आणि पांढऱ्या फुलांची ती झाडं त्यांना एका दरीत भेटली, वेगवेगळ्या वयांची. म्हणजे तिथे बी रुजत होतं.

कोन्बीत. आपल्याकडे इर्जिक घालतात तसं: एकाच्या शेतावर सगळ्यांनी जायचं, ढोलाच्या तालावर कुदळ चालवायची, त्याने जेवण घालायचं, मग दुसऱ्याचं शेत. शहरात गेलेली तरुण पोरं, बाहेर देशी गेलेले मजूर, यामुळे ही रीत विरळ होत चालली आहे असं सगळे म्हणत होते. पण ती पुन्हा दिसली. ईशान्येला, मासाकर नदीच्या काठी वानामँत गावाजवळ, मारिबारूचं कोरडं मैदान आहे. ही नदी दोन देशांची सीमा आहे. तिच्यातून हैतीच्या बाजूला कालवा काढायचं काम २०२१ साली सुरू झालं होतं, राष्ट्राध्यक्षांच्या हत्येनंतर ते बंद पडलं. २०२३ च्या ऑगस्टच्या अखेरीस शेतकऱ्यांनी स्वतःच ते पुन्हा हाती घेतलं. कुदळी, फावडी, घमेली. इंजिनिअर स्वयंसेवक म्हणून आले. बाया मोठ्या पातेल्यांत भात शिजवत होत्या. मायामी, न्यूयॉर्क, माँट्रिअल इथल्या हैतीयनांनी सिमेंटला पैसे पाठवले. कालव्याला विरोध म्हणून डोमिनिकन सरकारने १५ सप्टेंबरला जमीन, समुद्र, हवाई अशी सगळी सीमा बंद केली. बाजार बंद झाला, औषधं अडली, दर वाढले. मजुरांनी भिंतींवर लिहिलं की कालवा थांबणार नाही, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा खोदायला उतरले.